पाव किलो रवा

मृग बहाराची संत्री बाजारात आली की आमच्याकडे संत्र्याच्या वड्या होतात. रव्याच्या. नागपुरात संत्रा बर्फी खव्याची असते हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण आईच्या वहीत निळ्या शाईत ‘पाव किलो रवा’ लिहिलंय, आणि आईच्या वहीपुढे गावाचं काय चालणार?

यंदा नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर आवरताना मावशीला आजीची मूळ वही सापडली. त्या पानावर तुपाचे डाग, आणि लिहिलेलं ‘खवा’. आजीचा ख मात्र ऐसपैस. त्याचे दोन भाग रुसल्यासारखे लांब उभे, त्यामुळे शब्द वाचला जातो ‘रववा’. उतरवताना आईला वाटलं असणार, एक व जास्तीचा पडलाय. तिनं तो गाळला. म्हणजे चूक झाली ती दुरुस्तीच्या नादात!

“बाप्पा, इतकी वर्षं आपण चूक खात होतो,” मावशी म्हणाली.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात तेव्हा डीएनएची प्रत कशी निघते हेच चाललं होतं, त्यामुळे तो ख डोक्यातून जाईना. डीएनएची वही चारच अक्षरांत लिहिलेली: ए, टी, जी, सी. दोन धागे समोरासमोर, ए समोर टी, जी समोर सी, एवढंच व्याकरण. पण ही अक्षरंही आजीच्या ख सारखी कधीमधी सैल पडतात. टी मधला एखादा हायड्रोजन क्षणभर जागा बदलतो, आणि तेवढ्यात ते जी शी जोडी जमवून मोकळं होतं. डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांनी ही शक्यता १९५३ मध्येच बोलून दाखवली होती. मुलं हमखास विचारतात, “पण मॅडम, कशामुळे?” त्यांना किरणोत्सर्ग हवा असतो, विषारी रसायन हवं असतं, कोणीतरी गुन्हेगार हवा असतो. इथे कोणी नाही. रेणू हलतात, एवढंच.

आपल्या एका पेशीत जवळपास ६०० कोटी अक्षरजोड्या. प्रत काढणारा पॉलिमरेज लाखात एखादं अक्षर चुकतो, म्हणजे पेशी एकदा दुभंगायची तर लाखावर चुका. पण तो मागे वळून बघतो. नुकतं बसवलेलं अक्षर नीट बसलं नाही असं जाणवलं, की ते खुडून पुन्हा लिहितो. त्यातूनही जे सुटतं त्यासाठी मागाहून दुसरी तपासनीस मंडळी येतात, आणि शेवटी अब्जात एखादीच चूक उरते. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा मास्तरणींनी यावर फार बोलू नये.

त्या तपासनिसांची खरी अडचण आईचीच. जी समोर टी दिसतोय, ठीक. पण चुकलंय कोण? प्रतीतला एक धागा जुना, एक नवा. ई. कोलाय या जिवाणूत जुन्या धाग्यावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा असतात, नव्यावर त्या लागायला थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात नवा कोणता ते ओळखायचं आणि त्यालाच दुरुस्त करायचं. ओळखण्यात गफलत झाली आणि जुनंच अक्षर बदललं, की संपलं. चूक आता मूळ प्रत झाली. पुढचा प्रत्येक पॉलिमरेज ती इमानेइतबारे उतरवणार, जसं मी आईच्या वहीतून ‘रवा’ उतरवलं, तेही सुवाच्य अक्षरात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्याही समोर हाच पेच असणार.

आपल्या प्रत्येकात आईबापांत नसलेले असे साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेक बापाकडून आलेले, कारण शुक्राणू घडवणाऱ्या पेशी आयुष्यभर प्रती काढतच राहतात. पुष्कळसे कोणाच्या खिजगणतीत नसतात. पण विदर्भात राहून सिकलसेल हा रक्ताचा आजार कसा विसरायचा? हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ए च्या जागी टी, एवढाच फरक. आणि वर्गातली एखादी मुलगी सांधेदुखीनं आठवडाभर गैरहजर. तेच बदललेलं अक्षर आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं असलं, तर जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं राखतं. पेशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं फक्त उतरवून घेतलं होतं.

तर यंदा मी खव्याची करून पाहिली. चांगली झाली, तोंडात विरघळली. नवऱ्यानं एक खाल्ली आणि विचारलं, “आपली वडी कधी करतेस?”

काल पुण्याहून लेकीनं कृती मागितली. हात पिठाचे होते, म्हणून फोनला तोंडी सांगितली. त्यानं लिहिलं, ‘पाव किलो हवा’. मी दुरुस्ती पाठवेपर्यंत तिनं ती दोन मैत्रिणींना पुढे ढकलली होती.