तोफेनं मान टाकली

मे महिन्यातली दुपार. सुप्याच्या अलीकडे एका हॉटेलात मिसळ खाऊन बाहेर आलो, सहज म्हणून गाडीची डिकी उघडली, खोक्याचं झाकण वर केलं आणि पोटात गोळा आला. आतल्या विजयंता रणगाड्याच्या छोट्या मॉडेलची तोफ खाली झुकली होती. तुटली नव्हती, झुकली होती; दोन दिवस पाण्यावाचून राहिलेल्या कोथिंबिरीच्या काडीसारखी.

मी पुण्यात स्केल मॉडेल्स बांधतो आणि दुरुस्त करतो. गिऱ्हाईकं बहुतेक संग्राहक, आणि त्यांचा जीव रणगाड्यांवर. हे काम होतं नगरजवळच्या भिंगारच्या एका निवृत्त रिसालदारांचं. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी विजयंता चालवला. परदेशातल्या मुलानं 1:35 मापाचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, रेझिनचं किट पाठवलं, ते साहेबांनी तसंच माझ्याकडे आणून दिलं. चार महिने त्यावर बसलो होतो. कुरिअरवर भरवसा नाही, म्हणून स्वतः पोचवायला निघालो होतो.

विजयंता रेझिनमध्येच का, असं लोक विचारतात. प्लास्टिकचं किट काढायचं तर पोलादी साचा लागतो आणि त्या साच्याचा खर्च निघायला हजारांनी डबे विकले जावे लागतात. जर्मन टायगर, अमेरिकन शर्मन यांना तेवढं गिऱ्हाईक जगभर आहे. 1965 पासून आमच्या सैन्यासाठी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बनलेल्या गाडीला कुठून असणार? मग कुणीतरी हौशी माणूस हातानं मूळ नमुना घडवतो, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेतो आणि रेझिनची दोन द्रावणं मिसळून त्यात ओततो. काही मिनिटांत ते घट्ट होतं. काही डझन नग निघाले की रबर फाटायला लागतं, संपला धंदा.

या रेझिनचा स्वभाव मात्र वाईट. प्लास्टिक तुटण्याआधी वाकतं, वाकलेल्या जागी पांढरं पडतं, म्हणजे बिचारं सांगून तरी जातं. रेझिन काही सांगत नाही. ठणठणीत दिसतं आणि टक्कन दोन तुकडे. बरं, ऊन लागलं की उलटं. तेव्हा ते मेणासारखं मऊ पडतं.

माझ्याकडे दुरुस्तीला येणारी निम्मी मॉडेल्स पडून तुटलेली नसतात, जपून गुंडाळताना तुटलेली असतात. बबल रॅप अँटेनात अडकतो, माणूस ओढतो, अँटेना जाते आणि जाताना हॅचचं झाकण घेऊन जाते. म्हणून माझी पद्धत अशी की मॉडेल खालून स्क्रूनं प्लायवूडला आवळायचं आणि वरून कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्या दिवशीही तसंच केलं होतं. 28 सेंटीमीटरच्या मॉडेलची लांबलचक तोफ हवेत मोकळी, आणि गाडी चाळीस मिनिटं उन्हात. मोकळी सोडली म्हणूनच ती आपल्याच वजनानं खाली आली.

परत फिरायचा विचार आला. पण साहेबांचा फोन येऊन गेला होता, कुठवर आलात म्हणून.

भिंगारला पोचलो तर ते फाटकातच उभे. खोकं टेबलावर ठेवून मी आधीच कबुली दिली. त्यांनी चष्मा चढवला, एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. प्रत्येक बाजूची सहा चाकं बोटानं मोजली. मग म्हणाले, "तोफ पुढं ठेवून आणली तुम्ही?"

"हो."

"अहो, लांबच्या वाटेला रणगाडा असा नेत नाहीत. टरेट, तो वरचा घुमट, मागं फिरवायचं, नळी मागच्या क्रचमध्ये टेकवायची, क्लॅम्प आवळायचा. नाहीतर धक्क्यांनी तोफेच्या यंत्रणेची वाट लागते. तो काय, मागं क्रच लावलाय की तुम्हीच!"

लावला होता. इंजिनाच्या झाकणामागचा तो नळीच्या टेकूचा इवलासा तुकडा मीच तासून, आडवा करून चिकटवला होता. नगरच्या टँक म्युझियममध्ये जाऊन फोटो काढले होते, बोल्ट मोजले होते. कशासाठी असतो तेही ठाऊक होतं. फक्त तोफ पुढे असली की मॉडेल रुबाबदार दिसतं, एवढाच विचार केला.

काकूंकडे पातेलंभर कडकडीत पाणी मागितलं. "ह्याला चहा पाजायचा का?" त्या म्हणाल्या. टरेट नुसतं कड्यावर बसवलेलं होतं, ते उचलून काढलं. तोफेची नळी पाण्यात धरली, मनात वीस आकडे मोजले, बाहेर काढून काचेवर ठेवली आणि बोटानं हळूहळू सरळ केली. लगेच गार पाण्यात. नव्वद टक्के काम झालं. टोकाशी केसाएवढा बाक राहिला.

इथं थांबायला हवं होतं. किंवा पुन्हा गरम पाणी. पण काकू पोहे घेऊन उभ्या, साहेब खांद्यावरून बघतायत, आणि मी गार झालेल्या रेझिनला अंगठ्यानं जरासा रेटा दिला.

टक्.

नळीच्या मधोमध धूर खेचून घेणारा जाड फुगीर भाग असतो, तो जिथे संपतो तिथेच तुटली. तुटलेलं तोंड उजेडात धरलं तर आत मोहरीएवढा बुडबुडा. ओतताना अडकलेली हवा. वरून चार महिने घासलं, रंगवलं, आणि आत हे. साहेबांनी तुकडा हातात घेतला, बुडबुडा पाहिला आणि म्हणाले, "आमच्या इंजिनापेक्षा बरं आहे." विजयंताच्या लेलँड इंजिनाबद्दल पुढची दहा मिनिटं जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. धूर किती काढायचं आणि केव्हा दगा द्यायचं, एवढाच त्यातला सभ्य भाग.

पिशवीत हँड ड्रिल होतं, पितळी तार होती, फेविक्विक होतं. नुसत्या फेविक्विकवर असा सांधा टिकत नाही. ओढ सहन करतो, आडवी टिचकी मारली की सुटतो. दोन्ही तोंडांना एक मिलिमीटरचं भोक पाडलं. बोटांत धरून फिरवायचं ड्रिल, घाई केली तर नळी उभी चिरते. भोक सरळ गेलं की नाही हे साहेब समोरून एक डोळा मिटून सांगत होते, "अर्धा मिल उजवीकडं," जणू नेम धरतायत. तार बसवली, तुकडे जुळवले. बुडबुड्याच्या जागी उरलेल्या खड्ड्यात काकूंचा खायचा सोडा भुरभुरला आणि वर फेविक्विकचा थेंब. चुर्र करून क्षणात दगड झाला. घासला. हिरव्या रंगावर पांढरं कडं तेवढं राहिलं, कारण रंगाच्या बाटल्या मी पुण्याला विसरलो होतो.

मग साहेबांनी स्वतः टरेट बसवलं आणि मागे फिरवलं. आडवा चिकटवलेला क्रच ब्लेडनं अलगद उठवायला गेलो. तोही तुटला. कुणी काही बोललं नाही. काकूंनी शिवणाच्या डब्यातून हिरवा दोरा आणून दिला, तोफ त्यानं बांधली आणि गाडी काचेच्या कपाटात गेली.

जूनमध्ये पुन्हा गेलो, रंग आणि नवी नळी घेऊन. ती भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची कातून घेतली होती. उन्हानं झुकणार नाही, पण जड इतकी की टरेट नाकावर पडायचं; मागच्या पोकळीत गळाला लावायची शिशाची वजनं चिकटवून तोल साधला. नवा क्रच उभा करून बसवला. साहेबांनी सगळे पैसे चुकते केले, नळीचेसुद्धा. मेमधल्या फेरीचं पेट्रोल तेवढं कापून घेतलं. "वाहतूक चुकीची," म्हणाले. मी पोह्यांची बशी पुढे ओढली.