तुम्ही विचारलंत म्हणून: बाकावरच पॅनेल का नाही?

मी सोलर बाकं बनवते, म्हणजे उन्हावर मोबाइल चार्ज करून देणारी लाकडी बाकं. प्रदर्शनात भेटलेले, फोन करणारे, परवा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ, सगळे मला एकच विचारतात. "मॅडम, सोलर बाक म्हणता, मग पॅनेल तिकडे लांब खांबावर का? परदेशात तर बाकावरच असतं." 2014 साली बॉस्टनमध्ये बसवलेल्या 'सूफा' नावाच्या सोलर बाकाचा फोटो बरेच जण मोबाइलवर काढूनही दाखवतात. बॉस्टनमध्ये उन्हात बसणं ही चैन आहे. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी उन्हात कोण बसतं, एवढं सांगून मी विषय संपवत आले. ते उत्तर खरं आहे, पण पुरं नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न लाकडाचा. सागवान पावसात कुजणार नाही का? मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, ते अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. गाभ्याचं लाकूड घ्या, पट्ट्यांच्या टोकांना तेल मुरवा, पाय पाण्यात उभे ठेवू नका आणि पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं त्याला जागा सोडा. लाकडाबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पॅनेलबद्दल झाला.

मीही पहिली बाकं पॅनेल बसवूनच केली होती. त्यातलं एक विदर्भातल्या एका नगरपरिषदेच्या बागेत लागलं. बल्लारशाच्या लाकूड डेपोतलं सागवान, पाठीमागे 50 वॅटचं पॅनेल, बैठकीखाली बॅटरी. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी मी स्वतः जाऊन जागा ठरवली. तिथे एक जुना कडुनिंब होता आणि त्याच्याखाली रोज बसणारी तीन-चार म्हातारी माणसं. बाक त्यांच्यासाठीच हवं होतं, म्हणून मी ते झाडाखालीच ठेवलं. झाड तेव्हा जवळजवळ निष्पर्ण होतं. सूर्य दक्षिणेला कललेला, फांद्यांखालून ऊन थेट पॅनेलवर येत होतं. मी मीटर लावला, आकडे उत्तम आले, वहीत लिहिले आणि परत आले.

दर पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला खात मोठी झालेली मी. या झाडाला महिन्याभरात पालवी फुटणार, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मे महिन्यात त्या भागात सूर्य डोक्यावर येतो, अखेरीस शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे झाडाची सगळी सावली बरोबर बुंध्याभोवती पडणार, हेही मला माहीत होतं. तरी मी ऊन मोजलं ते फक्त त्या एका दुपारचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तक्रार आली की फोन चार्ज होत नाहीत. होणार कसे? पॅनेलमधले 36 सेल एका माळेत ओवलेले असतात. त्यातल्या दोन-चारांवर फांदीची सावली पडली तरी अख्खं पॅनेल मान टाकतं. मी कार्यालयाला पत्र पाठवलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "पॅनेलवर सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळेत सावली पडणार नाही अशी व्यवस्था व्हावी." बाक हलवा, असं मला म्हणायचं होतं. पण मी तसं लिहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. "मॅडम, तुमचं काम झालं. रीतसर परवानगी काढून केलंय."

मी गेले. दक्षिणेकडच्या आणि वरच्या सगळ्या फांद्या बुंध्यापर्यंत तासलेल्या होत्या. कापलेल्या जागांवर डिंकाचे थेंब आले होते, मधासारखे, आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. बाक रणरणत्या उन्हात उभं होतं. चार्जिंगचा हिरवा दिवा लागलेला. मी बैठकीवर हात ठेवला. सागवान तापलं होतं, पण सोसवत होतं. बोट सरकून स्क्रूच्या डोक्यावर गेलं तिथे मात्र चटका बसला. बाकावर कुणीच नव्हतं. म्हातारी मंडळी चौकीदाराच्या खोलीला पाठ लावून, भिंतीच्या हातभर सावलीत उकिडवी बसली होती. त्यांतले एक आजोबा मला ओळखून म्हणाले, "बाई, फोन भरते आता. पण आमी बसाचं कुठी?"

त्या दिवशी मी त्यांच्याशी काही बोलू शकले नाही. परतीच्या गाडीत हिशेब मांडला. दिवसाचं साडेचार-पाच तासांचं पुरं ऊन, उष्णतेची आणि बॅटरीची घट वजा जाता हातात राहतात साधारण 150 वॅट-तास. म्हणजे सात-आठ मोबाइल. सात-आठ मोबाइलसाठी त्या झाडाची सावली गेली होती.

फांद्या मी तोडल्या नाहीत. तोडणाऱ्यांनी मला विचारलंही नाही. हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आणि आजही ते मला पटतं. पण ज्या वस्तूला सावलीतही राहायचंय आणि उन्हातही, ती वस्तू कधी ना कधी कुणाला तरी कुऱ्हाड आणायला लावणारच. ती वस्तू मी बनवली होती.

म्हणून आता बाक सावलीत, पॅनेल उन्हात खांबावर, बॅटरी खांबाच्या पायाशी पेटीत, आणि मधे जमिनीतून पाइपातली केबल. गावाकडचा पार आठवा. बसण्याची जागा झाडाभोवती बांधत आले आपले लोक.

यावर माझ्याच क्षेत्रातले म्हणतात, मग हे सोलर बाक कसलं, हे वायर जोडलेलं बाक झालं. निविदेत 'सौर बाक, 1 नग' लिहिलेलं असतं, त्यात खांब कुठे बसवायचा, असं लेखापाल विचारतात. एका ठिकाणी नळाच्या खोदाईत केबल तुटली, ती चार महिने कुणी जोडली नाही. आणि पहिली बाकं करणारी मी माझ्याशी आजही भांडते: तेव्हा पॅनेल हाताशी होतं, पोरं काचेवर हात ठेवून विचारायची, ऊन फोनमध्ये जातं कसं? आता पॅनेल वर आहे, त्याच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही. हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

त्या बागेतून गेल्या एप्रिलमध्ये पुन्हा फोन आला. कडुनिंबाला नवे धुमारे फुटलेत, दुपारी दोननंतर पॅनेलवर सावली येते, काय करायचं? मी म्हटलं, झाडाला हात लावू नका, खांब आणि केबल मी माझ्या खर्चानं लावून देते. तसा अर्जही दिला, या वेळी वाक्य दहादा वाचून. मंजुरी अजून यायची आहे.