जुनी पोर्शे, ग्रोसग्लॉकनर आणि जास्तीचं दोन लिटर ऑईल

स्टुटगार्टमध्ये सहा वर्षं काढली, पण इथली जुनी गाडी घेऊन आल्प्स चढायचं राहूनच जात होतं. यंदा जूनच्या शेवटी १९८२ ची पोर्शे ९११ एससी तीन दिवसांसाठी भाड्याने मिळाली. मालकाने किल्लीबरोबर चार पानी सूचना दिल्या, जर्मनमध्ये. मी दोन पानं वाचली. पुढचा सगळा घोळ उरलेल्या दोन पानांत होता.

ग्रोसग्लॉकनर म्हणजे ऑस्ट्रियातला उंच घाटरस्ता. तिथवरचा रस्ता सोपा आहे. म्युनिक, रोझेनहाइम, मग कुफ्स्टाइन. ऑस्ट्रियाच्या मोटरवेला एरवी व्हिन्येट (टोलचं स्टिकर) लागतं, पण या बाजूने सरहद्दीपासून कुफ्स्टाइन-स्यूडच्या एक्झिटपर्यंत ते माफ आहे. तिथे उतरून किट्सब्यूल आणि पास थुर्नमार्गे मिटरसिलला मुक्काम केला, तर व्हिन्येट काढावंच लागत नाही. ग्लॉकनरचा टोल मात्र वेगळा, आणि चांगलाच घसघशीत.

या गाडीत डावीकडच्या गोलात दोन काटे आहेत, एक पेट्रोलचा आणि एक चक्क ऑईलच्या पातळीचा. ए-८ मोटरवेवर १२० च्या वेगात तो ऑईलचा काटा तळाला जाऊन बसला. "अरे, हा लालमध्ये गेलाय," बायको म्हणाली. ऑईलचं प्रेशर ठीक होतं, तापमान ठीक होतं, पण माझं लक्ष काही त्या काट्यावरून हटेना.

आमच्या बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती. त्यांची शिकवण अशी: सकाळी, गाडी थंड, जमीन सपाट, इंजिन बंद, मग डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची काडी. मिटरसिलला सकाळी मी अगदी तसंच केलं. डिपस्टिक कोरडी ठणठणीत! पुढच्या डिकीत मालकाने २०डब्ल्यू-५० ऑईलचे दोन डबे ठेवले होते. एक ओतला. तरी कोरडीच. दुसराही ओतला.

घाटाच्या पायथ्याच्या ब्रुक गावातल्या पेट्रोलपंपावर पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलं होतं. उभ्या गाडीत तोच काटा आता वरच्या टोकाला चिकटलेला, आणि पेट्रोल भरून गाडी चालू केली तर मागून निळा धूर.

मालकाला फोन केला. तो रागावला नाही, हसला, ते जास्त लागलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. पद्मिनीचं ऑईल इंजिनच्या तळाशी असतं. ९११ चं असतं उजव्या मागच्या चाकामागे, वेगळ्या टाकीत. एक पंप टाकीतून ते इंजिनला देतो, दुसरा इंजिनच्या तळातून ओढून परत टाकीत टाकतो. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं ऑईल इंजिनमध्ये झिरपत जातं. डिपस्टिक टाकीत, ऑईल इंजिनात, मग ती कोरडी नसेल तर काय? सगळं मिळून सुमारे १३ लिटर ऑईल असतं, पण डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन लिटर. मी ओतलं दोन. जास्तीचं ऑईल ब्रीदरच्या, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून हवेच्या वाटेने इंजिनमध्ये जाऊन जळत होतं.

झेल-आम-झेच्या औषधांच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, तिला बारीक नळी लावली आणि ऑईल भरायच्या तोंडातून दीड लिटर परत काढलं, पाण्याच्या बाटलीत. तास गेला. शर्टही गेला.

तर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. ऑईल बघायचं ते पंधरा-वीस किलोमीटर चालवून, तापमान ९० अंशांच्या आसपास आल्यावर. पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये ऑईल-कूलर आहे, आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) साधारण ८५ ला उघडल्याशिवाय ऑईल तिथवर फिरत नाही. जमीन सपाट हवी, इंजिन चालू आणि आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता. ऑईलचं झाकण काढलं की इंजिन अडखळतं. घाबरू नका, ते निरोगीपणाचं लक्षण आहे. शेजारी पंख्याचा पट्टा फिरत असतो, तेव्हा ओढणी, मफलर, सैल बाही लांब. पातळी दोन खुणांच्या मधोमध असली तरी पुष्कळ झालं. घालायचंच तर पाव लिटर घाला, थांबा, परत बघा. डॅशबोर्डचा काटाही फक्त याच अवस्थेत खरं बोलतो. धावत्या गाडीत त्याच्याकडे बघूच नका.

१९७२ च्या ९११ ला तर ऑईलचं झाकण बाहेरच होतं, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे. पंपावर लोक त्यात पेट्रोल ओतायला लागले म्हणतात, आणि वर्षभरात ते झाकण गेलं. हे वाचून मला जरा बरं वाटलं.

पेट्रोलची टाकी ८० लिटरची, तोंड पुढच्या डाव्या मडगार्डवर. सव्वाचारशे किलोमीटरमागे ४९ लिटर लागलं. घाटात याहून जास्त धरा. या इंजिनला ९८ ऑक्टेनचं सुपर प्लस लागतं. ते ब्रुकमध्येच भरून घ्या, वर त्याच्या शोधात फिरायची वेळ आणू नका.

मग घाट. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, सगळ्यात उंच टोक एडेलवाइसस्पिट्झ २५७१ मीटरवर. तिथला शेवटचा तुकडा दगडी फरशीचा आणि अरुंद आहे, सकाळी नऊच्या आत गाठा. उंचीवर ताकद कमी जाणवते. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेक वाचतात. फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहेच्या व्ह्यूपॉइंटवरून पास्टेर्झेची हिमनदी बघितली. किती मागे सरकलीय, ते बघून गप्पच झालो.

खाली हायलिगेनब्लूट गावात सपाट जागा बघून ऑईल तपासलं, इंजिन चालू ठेवून. बरोब्बर मधोमध. त्याचा व्हिडिओ बाबांना पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"चालू इंजिनात काडी घालतोस? हेच शिकवलं का तुला?"