वाळूच्या दोन पिशव्या

"टेकू लावून काय, कोणीही नेम मारील," असं आमच्या काकांचं मत. माझंही तेच होतं. मग टेकू लावून पाच छर्रे मारले आणि पाच ठिकाणी गेले.

बंदूक साधीच: स्प्रिंगची, नळी मोडून भरायची, ४.५ मिमीच्या छर्ऱ्याची. ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवाना लागत नाही. एअर रायफलच्या बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर बंदूक टेकवून नेम मारायच्या, स्पर्धा २५ मीटरवर होतात. रत्नागिरीजवळच्या आमच्या पोफळीच्या बागेत तेवढं अंतर नेमकं बसलं. कागदामागे मातीने भरलेलं खोकं आणि त्यामागे उंच दरड.

पहिला दोष टेबलाचा निघाला. कोपर टेकलं की दुर्बिणीतली फुली डुगडुगायची. घर बांधताना उरलेले जांभ्याचे चिरे रचले, वर कडाप्प्याची लादी टाकली, फटीत माती ठासली. तो प्रश्न तिथेच मिटला.

बंदुकीखाली टेकू म्हणून ठेवायच्या वाळूच्या दोन पिशव्यांनी मात्र दोन महिने खाल्ले. पुढची जुन्या जीन्सच्या पायाची, मागची दोन कानांची, म्हणजे कानांच्या मधल्या खाचेत दस्त्याचं मागचं टोक बसावं. वहिनीने शिवून दिल्या, दोन सुया मोडल्या. आत भरली ती गोठ्याच्या प्लास्टरला आणून उरलेली वाळू. ऑगस्टमध्ये पिशव्या विटेसारख्या घट्ट झाल्या आणि कपाटात त्यांना टेकून ठेवलेल्या नळीवर गंजाचे ठिपके उमटले. काकांनी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली. "मेल्या, खाडीची आहे ही. मीठ आहे तिच्यात, हवेतलं पाणी ओढणारच."

मग नदीची वाळू आणली, विहिरीच्या पाण्याने चारदा धुतली, ऊन पडायला लागल्यावर खळ्यात वाळवली आणि पिठाच्या चाळणीने चाळली. (चाळणीचं प्रकरण आईने अजून मिटवलेलं नाही.) मधे तांदूळ भरूनही पाहिले होते. वजन कमी पडलं आणि टोके झाले. वाळू जितकी जड तितकी पिशवी स्थिर, म्हणून मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूचाही मोह झाला होता. तिच्यात इल्मेनाइट हे जड खनिज असतं, त्यामुळे ती साध्या वाळूपेक्षा बरीच जड. पण किनाऱ्यावरची वाळू उचलायची नाही, आणि खारेपणा पुन्हा होताच.

पिशवी गच्च भरायची नाही, हे चुकूनच कळलं. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच आतला दट्ट्या अख्ख्या बंदुकीला हिसका देतो. खाली कडक पिशवी असली की बंदूक उसळते, आणि दर वेळी वेगळी उसळते. पुढच्या पिशवीतून दोन वाट्या वाळू काढली, तेव्हा दस्त्याच्या लाकडाने तिच्यात आपली जागा करून घेतली. ही जागा दर वेळी तीच हवी, म्हणून लाकडावर चिकटपट्टीची खूण केली. नळी पिशवीवर कधीच टेकवायची नाही. मागची पिशवी आणखी सैल: डाव्या मुठीत दाबली की दस्ता वर येतो आणि फुली खाली उतरते. उजव्या हाताला घोड्याशिवाय दुसरं काम नाही.

बसण्याआधी रिकामी बंदूक पिशव्यांवर पुढे-मागे सरकवून पाहतो. फुली आडवी पळाली तर मागची पिशवी वाकडी आहे. लाकूड अडखळत असेल तर थोडी टाल्कम पावडर.

सकाळी सात ते नऊ एवढाच माझा वेळ. अकराच्या सुमारास खारे वारे सुटले की पोफळीला बांधलेली सुतळी आडवी होते, मग छर्रे वाया घालवण्यात अर्थ नसतो.

आता पाचातले चार एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. पाचवा गाल जास्त दाबल्यामुळे जातो, असा माझा अंदाज. काकाही एकदा बसले. बंदूक खांद्याने गच्च रेटली आणि पाच छर्रे पाच ठिकाणी. "पिशवी वाकडी आहे तुझी," म्हणाले.

पावसाळ्यात दोन्ही पिशव्या आता चुलीवरच्या फळीवर असतात. वाळू कोरडी राहते, फक्त नेम धरताना नाकात धुराचा वास येतो.