टायरमधली दहाची नोट

मागच्या रविवारी खारघरच्या डोंगरावर माझ्या डोक्यावर दहा रुपयांचं कर्ज झालं, आणि ते फेडायला पैसे नव्हते असंही नाही, पैसे होते, पण ते सायकलच्या मागच्या टायरच्या आत होते. बायकोला सांगितलं तर तिने फक्त चष्म्यावरून बघितलं. म्हणून इथे लिहितोय.

आधी सायकलबद्दल सांगतो. सेकंडहँड घेतलेली ट्रेल बाइक आहे, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची सायकल, हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, पुढे चाक धरणारा आणि १३० मिलीमीटर दबून धक्के खाणारा फोर्क, २९ इंची चाकं. घेतली तेव्हा सोसायटीतल्या काकांनी विचारलं होतं की एवढे जाड टायर कशाला रे, घोडबंदर रोडला डोंगर आहेत का? काकांना म्हटलं खड्डे आहेत ना. गंमत वाटली त्यांना, पण मी सिरियसली बोलत होतो. मी मानपाड्याला राहतो आणि ऑफिस ऐरोलीला, कळवा पूल, विटावा, दिघा असं जायचं, पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की गाडीवाले थांबून राहतात आणि रोड बाइकवाले तर घरीच बसलेले असतात. मी हळूहळू निघून जातो. (गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर मीही मागे फिरतो, हिरोगिरी नको, चाकाच्या हबमध्ये आणि पॅडलच्या आसात, म्हणजे बॉटम ब्रॅकेटमध्ये, ते पाणी गेलं की महिन्याभरात कुरकुर सुरू होते.)

माउंटन बाइक हा प्रकार सुरू झाला तोच जुगाडातून. कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून भाग आहे, तिथली पोरं सत्तरच्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि तिथून खाली सोडायची. पॅडल उलटं फिरवून लागणारा मागचा ब्रेक, तो एका उतारात इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, मग खाली आल्यावर परत ग्रीस भरायचं. परत भरायचं म्हणून त्या उताराचं नावच पडलं रिपॅक, आणि १९७६ च्या ऑक्टोबरात तिथे पहिली रेस झाली. नंतर या सायकलींच्या जाती-पोटजाती पडत गेल्या, चढाला वेगळी, उताराला वेगळी, उड्या मारायला वेगळी. ट्रेल बाइक ही त्यातली मधली, साधारण १२० ते १५० मिलीमीटर सस्पेन्शनवाली, आणि माझ्या मते आपल्यासारख्या एकच सायकल परवडणाऱ्या आणि एकच ठेवायला जागा असणाऱ्या माणसाला हीच बरी.

कारण ती सगळं करते. पूर्वीच्या माउंटन बाइकचा फोर्क ७०-७१ अंशांत उभा असायचा, उतारावर आता पुढे तोंडावर पडतो की काय असं वाटायचं. हल्लीच्या ट्रेल बाइकचा ६५-६६ च्या आसपास आणलाय, पुढचं चाक लांब जातं, त्यामुळे उतारावर सायकल शांत राहते. सीट बटण दाबून खाली जाते. पुढे एकच चक्री, मागे १० ते ५१ दात्यांच्या चक्र्यांची कॅसेट, म्हणजे येऊरचा चढ पण निघतो आणि ठाणे-बेलापूर रोडवर पण बऱ्यापैकी पळते, आणि पुढे चेन सरकवणारा डिरेलरच नसल्यामुळे पावसाळ्यातला चिखल अडकायला एक जागा कमी. मी तिला कॅरियर लावून भाजी आणलीये, मुलीला क्लासला सोडलंय. आणि हे फार जणांना माहीत नसतं की २९ इंची माउंटन बाइकची रिम आणि ७००सी म्हणतात ती रोड-हायब्रिडची रिम, दोन्हींचा टायर बसायचा व्यास एकच, ६२२ मिलीमीटर. म्हणून मी एक जुना चाकांचा जोड घेऊन ठेवलाय, त्यावर ४० मिलीमीटरचे गुळगुळीत टायर. सोमवार ते शुक्रवार ते, शनिवारी रात्री चाकं बदलायची. पाच मिनिटांचं काम म्हणतात, पण ब्रेकची डिस्क थोडी इकडेतिकडे होते आणि तिला चिमटणारा कॅलिपर घासायला लागतो, तो सरळ करण्यात अजून पंधरा मिनिटं जातात, आणि बाल्कनीत एवढा पसारा का म्हणून बोलणी खाण्यात अजून पाच. पण सायकल अक्षरशः दुसरी होते. फ्रेम तीच, गिअर तेच, फक्त टायर आणि हवा बदलली. लोक तासन् तास कार्बन की अॅल्युमिनियम यावर भांडतात, आणि टायरमधली हवा बघत नाहीत. माझं वजन ७८ किलो, २.४ इंच रुंद ट्यूबलेस टायरला मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो. सुरुवातीला दुकानदाराने ५० भरून दिली होती, दगडावरून सायकल चेंडूसारखी उडायची, आणि मला वाटायचं आपल्यालाच चालवता येत नाही.

तर ट्यूबलेस. ट्यूब काढून टाकायची, रिमला आतून टेप, वेगळा वाल, आणि आत १००-१२० एमएल सीलंट, पांढरं रबराचं पाणी. काटा घुसला की ते पाणी भोकात जाऊन जमतं आणि भोक बंद. ऐकायला जादू, बसवायला वैताग. टायरची कड रिमवर चढवायला एकदम भसकन हवा जावी लागते, हातपंपाने घाम निघाला पण चढेना, शेवटी वालची पिन काढली, कडेला भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं, चाक काखेत घेऊन रिक्षाने पेट्रोल पंपावर गेलो आणि तिथे ते टण्ण, टण्ण करून बसलं. हवावाला दोन पावलं मागे सरकला होता. आणि हे सीलंट कायमचं नसतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाशी धरून हलवायचं, आत डुचुक डुचुक आवाज आला तर आहे, नाही आला तर आत शेवाळासारखं रबराचं जाळं झालेलं असतं.

खारघरला त्या दिवशी सकाळी आवाज आला होता, एवढं मी शपथेवर सांगतो.

वरच्या पठारावर चाफेवाडी-फणसवाडीच्या बाजूला गवत पार वाळलेलं, पायवाटेवर सुटे दगड. एका छोट्या उतारावर मी मस्तीत होतो, सीट खाली, पाय सैल, आणि मागून फस्स्स. पोटरीवर पांढरे शिंतोडे. थांबून बघतो तर बाजूच्या भिंतीला, म्हणजे जिथे टायर पातळ असतो तिथे, नखाएवढा काप. काट्याचं भोक सीलंट बुजवतं, कापाचं काही करता येत नाही त्याला. प्लगची वात, म्हणजे चिकट रबरी दोरी, सुईत ओवून कापात घातली, थोडं थांबलं. दुसरी घातली. बसून एक चक्कर मारली आणि दोन्ही वाती सीलंटसकट बाहेर. मग आता ट्यूब.

ट्यूब होती माझ्याकडे, पंप होता, टायर उचकटायच्या लिव्हर होत्या. पण ट्यूब घालायला आधी ट्यूबलेसचा वाल काढावा लागतो, आणि त्याचं ते टिचभर गोल नट सीलंट सुकून रिमला असं चिकटलेलं की बोटांनी हलेना. घरी आपणच ते पकडीने आवळलेलं असतं, हवा जाते म्हणून! ते बोटानेच घट्ट करायचं असतं. दगडाने ठोकलं, रुमाल गुंडाळून फिरवलं, दाताने पण प्रयत्न केला, कुणाला सांगू नका. फोन मेलेला, कारण राईड रेकॉर्ड करत होतो ना, जगाला दाखवायला.

चाक हातात आणि सायकल खांद्यावर असा वाडीपर्यंत आलो. एका घरासमोर बाकडं, चहा-पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. तिथले काका झाडाखाली कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. म्हटलं काका, पक्कड आहे का? त्यांनी चाकाकडे बघितलं, माझ्या पायावरच्या पांढऱ्या डागांकडे बघितलं, म्हणाले, "दूध सांडलं काय?" आतून पक्कड आणली आणि माझ्या हातात न देता स्वतःच एका झटक्यात ते नट सोडवलं.

आता इथे लक्ष द्या, कारण यात मी स्वतः दोनदा फसलोय. ट्यूबलेस टायर सहा महिने चालवला की त्यात किती काटे घुसून बसलेत ते आपल्याला कळतच नाही, कारण हवा जात नाही. सीलंटने त्यांना सांभाळून घेतलेलं असतं. पण तशीच ट्यूब आत घातली की ते सगळे काटे ट्यूबची वाटच बघत असतात. म्हणून टायर पूर्ण उलटा करून आतून बोट फिरवायचं, सावकाश, आणि नुसतं बोट नाही तर फडकं घेऊन, फडक्याचा धागा अडकला की तिथे काहीतरी आहे. मी बाकड्यावर बसून काढत गेलो आणि काका मोजत गेले. बाभळीचे अकरा, बोरीचे असावेत असे आखूड वाकडे चार, एक काच, आणि एक केसासारखी बारीक तार, ही ट्रकचे टायर फुटतात त्यातली, ठाणे-बेलापूर रोडची देणगी, आमच्यातले निम्मे पंक्चर तिचेच. सतरा! काका म्हणाले, "एवढे काटे पायात असते तर चालला असता का?"

राहिला काप. तशीच ट्यूब भरली तर ती त्या कापातून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटणार, म्हणून आतून आधाराला काहीतरी चिवट लावावं लागतं. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा यासाठी उत्तम, मी तो कापून, कडा गोल करून ठेवलेला आहे, घरी, ड्रॉवरमध्ये. पाकीट उघडलं तर त्यात एटीएम कार्ड, लायसन आणि एक दहाची नोट. आपल्या नोटा कापसाच्या कागदाच्या असतात, पाण्याने लगेच विरघळत नाहीत, घडी घातली की चांगल्या चिवट होतात. चार घड्या घातल्या, कापावर आतून ठेवली, वरून ट्यूब, थोडी हवा, मग टायर चढवला, शेवटची कड नुसत्या अंगठ्यांनी, कारण लिव्हरने ट्यूब चिमटली की परत पहिल्यापासून. ३५ पीएसआय भरली, कारण ट्यूब असताना कमी हवेवर दगड बसला की रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

तोवर काकूंनी चहा आणून ठेवला होता. प्यायलो, मस्त गुळाचा कोरा चहा होता, आणि खिशात हात घातला तेव्हा लक्षात आलं. फोन मेलेला, आणि नोट टायरमध्ये. काकूंना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, काका म्हणाले राहू दे, पुढल्या खेपेला दे.

उत्सव चौक, बेलापूर, तुर्भे करत तीसेक किलोमीटर त्या दहा रुपयांवर बसून घरी आलो. सोमवारी सकाळी बघतो तर मागचं चाक बसलेलं. अठरावा काटा होता कुठेतरी. टायर सोलून ट्यूब काढली आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे घेऊन गेलो. मी स्वतः लावलेली ठिगळं दोन दिवसांत सुटतात ही माझी जुनी तक्रार, म्हणून म्हटलं आज उभं राहून बघूच. आधी अडचण पातळ वालाची, त्याच्या नळीला तो बसत नाही, माझ्याकडचं पितळेचं छोटं कनेक्टर दिलं. घमेल्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे सापडले, खूण केली, पुसली, कानशीने घासून ती जागा पांढुरकी केली, सोल्युशन पातळ पसरलं. आणि मग तो उठून चहा प्यायला गेला. मी म्हटलं अरे ठिगळ? तर म्हणे, "ओलं असताना लावलं तर निघणारच ना साहेब." म्हणजे इतकी वर्षं मी गडबड करत होतो ती हीच, मी सोल्युशनला फेव्हिकॉल समजून ओल्यावरच चिकटवत होतो. ते डिंकासारखं काम करत नाही, त्यातला द्राव उडून जाऊन चमक गेली पाहिजे, बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतकं सुकलं पाहिजे, मगच ठिगळ, आणि मग मधून कडेकडे दाबत जायचं. तो चहा म्हणजे कामाचाच भाग होता. ऑनलाइन मी यावर किमान दहा व्हिडिओ बघितलेत.

नवा टायर मागवलाय, यावेळी मागे जाड भिंतीवाला, वजन दीडशे-दोनशे ग्रॅम जास्त गेलं तरी चालेल, ते माझ्या पोटावरून कमी करता येईल. पिशवीत आता टूथपेस्टचा तुकडा आहे, छोटी पक्कड आहे, आणि पाकिटात दहाच्या पाच नोटा. ती जुनी नोट काढली टायरमधून, चार घड्यांत सीलंट जमून पांढरी, रबरासारखी लवचिक झालीये, एका कोपऱ्यात कापाची खूण उमटलीये. ती कोण घेणार? रविवारी परत वर जातोय, काकूंना दुसरी देईन, पण ही पण नेणार आहे दाखवायला.