दुसरा रीफ अडकला आणि बूम उघडावा लागला

मित्राची ३६ फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट) एका बंदरातून दुसऱ्या बंदरात न्यायची होती, दिवसा शिडावर जायचं आणि संध्याकाळी आडोसा बघून नांगर टाकायचा असा निवांत बेत. बोट बरेच महिने धक्क्याला पडून होती. तिचा बूम (मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा) आतून दोर जाणारा, म्हणजे आउटहॉल (शिडाची खालची कड मागे ताणणारा दोर) आणि दोन्ही रीफिंग लाइन (वारा वाढला की शीड लहान करायचे, म्हणजे रीफ घ्यायचे दोर) मागच्या टोकाच्या कप्प्यांवरून आत शिरतात, गूजनेकपाशी (बूम मास्टला जोडणाऱ्या बिजागरीपाशी) बाहेर पडतात आणि मास्टच्या म्हणजे डोलकाठीच्या पायथ्यावरून कॉकपिटमधल्या क्लचला (दोर पकडून ठेवणाऱ्या चापाला) येतात. दिसायला एकदम सुटसुटीत, पण आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची देखभाल कोणी करत नाही. असा बूम असलेली जुनी बोट घेऊन निघणार असाल तर हे वाचा.

पहिल्या टप्प्यात वारा हलका होता, विशेष काही नाही. एक खूण मात्र तेव्हाच दिसली, आउटहॉल ओढायला जड होताच पण सोडल्यावरही शिडाचा पाय म्हणजे खालची कड सैल होईना, क्लू (शिडाचा मागचा खालचा कोपरा) आहे तिथेच चिकटून. ओढताना जड लागणं एक वेळ चालतं, पण सोडल्यावर दोर परत जात नसेल तर आतली कुठली तरी कप्पी फिरत नाहीये किंवा दोर कशात तरी गुंतलाय असं समजा.

दुसऱ्या टप्प्यात दुपारनंतर वारा १५ नॉटवरून २२-२३ वर गेला. पहिला रीफ कुरकुरत का होईना बसला. दुसरा घेताना टॅक (शिडाचा पुढचा कोपरा) हुकात बसला, हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) ताणून झाला आणि क्लू बूमच्या हातभर वर येऊन जो थांबला तो थांबलाच. विंचवर (दोर ओढायच्या हँडलवाल्या चक्रीवर) अजून थोडं फिरवलं तर दोर करकरायला लागला. इथे लोक हँडलवर आणखी वजन टाकतात आणि तिथेच वाट लागते, कारण ४० नंबरची विंच म्हणजे घर्षण सोडलं तर हाताच्या जोराच्या साधारण ४० पट ओढ, आत अडकलेल्या गोष्टीपैकी काहीतरी तुटणारच. अर्धवट बसलेला रीफ तसाच ठेवून जायचा मोहही टाळा, क्लू खाली आलेला नसताना मधल्या रीफ पॉइंटांच्या (जादा कापड बांधायच्या जागांच्या) बारीक डोळ्यांवर ताण येतो आणि कापड तिथूनच फाटत जातं. आम्ही मेनसेल म्हणजे बूमवरचं मोठं शीड पूर्ण उतरवून बांधलं आणि थोड्याशा उघडलेल्या जिबवर म्हणजे पुढच्या शिडावर आडोशाला गेलो. वेग कमी झाला, बाकी काही बिघडलं नाही.

सकाळी वारा पडल्यावर बूम उघडायला घेतला. आधी आधार. टॉपिंग लिफ्ट (बूमचं टोक वरून धरणारा दोर) होतीच, तरी मेनचा हॅलयार्डही बूमच्या टोकाला लावला, वँग (बूम खाली ओढून धरणारी टॅकल) सैल सोडला, मेनशीट (बूम आत-बाहेर करायचा दोर) आणि प्रिव्हेंटर (बूम अचानक फिरू न देणारा दोर) दोन बाजूंनी ताणून बांधले, कारण शेजारून एखादी मोटरबोट जोरात गेली तर मोकळा बूम डोक्यात बसायला वेळ लागत नाही. मग दोन्ही टोकांचे फोटो, कुठला दोर कुठल्या कप्पीवरून येतो ते दिसेल असे. हे फोटो नंतर सोन्याच्या भावाचे ठरतात.

खरी लढाई मागच्या टोकाच्या कॅपची. स्टेनलेसचे स्क्रू, अॅल्युमिनियमचा बूम आणि वर्षानुवर्षं खारं पाणी, म्हणजे अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड होते आणि ती स्क्रूला आवळून धरते. साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच घासून टाकू नका. पेनिट्रेटिंग ऑइल घालून शक्य तितका वेळ सोडा, मग हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. गॅसची ज्योत लावू नका, आत डायनीमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर) असेल तर ते १५० अंशांच्या अलीकडेपलीकडेच वितळतं. आम्ही कॅपवर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, १०० अंशाच्या वर जायचा प्रश्नच नाही, आणि एक हट्टी स्क्रू सोडला तर बाकीचे आले. त्याचं डोकं ड्रिलने उडवलं. कॅप रिव्हेटची असेल तर सगळीच डोकी ड्रिल करावी लागतात, ते काम समुद्रात न काढलेलं बरं.

आत आउटहॉलची ४:१ टॅकल (ओढ चौपट करणारी कप्प्यांची जोडणी) उलटी झालेली, तिच्या दोन दोरांच्या मधून दुसऱ्या रीफची लाइन गेलेली. त्यात आउटहॉलच्या वायरच्या तुटक्या तारा बाहेर आलेल्या आणि त्यांनी लाइनचं कव्हर करवतलेलं. मागची एक कप्पी मिठाने गच्च.

कप्प्या गोड्या कोमट पाण्यात बुडवून ठेवल्या, ब्रशने घासल्या, सुकल्यावर कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारला. ग्रीस अजिबात नको, मीठ आणि वाळू धरून ठेवतं. वायर काढून ५ मिमी डायनीमा घातलं, पण आधी कप्पीची खाच बोटाने बघा, वायरने पाडलेली धार तशीच असेल तर नवा दोरही तीच कापणार, अशी कप्पी बदललेलीच बरी. डायनीमाला गाठ मारू नका, निम्मी ताकद जाते, स्प्लाइस करा, म्हणजे दोराचं टोक त्याच दोराच्या आत पुरा. पुरायची लांबी जाडीच्या ७२ पट धरतात, म्हणजे ५ मिमीला ३६ सेंमी.

दोर बदलताना जुन्याच्या शेपटीला पातळ मेसेंजर लाइन (नवा दोर आत ओढून घ्यायची दोरी) टोकाला टोक लावून सुईदोऱ्याने शिवा. गाठ आणि वर टेपचे वेढे असा गठ्ठा केला तर तो कप्पीत अडकतो आणि मधेच सुटला तर पुन्हा सगळं उघडायचं. एका वेळी एकच दोर ओढा, बाकीचे दोन्हीकडून ताणून धरा. सगळे आत गेले की प्रत्येकाची दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढा आणि शेजारच्यांवर नजर ठेवा, एकाबरोबर दुसरा हलला तर ते आत एकमेकांत गुंतलेत. ही तपासणी कॅप बसवायच्या आधीच, कारण आमचे पहिल्या खेपेला गुंतलेलेच निघाले. स्क्रू परत लावताना ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातूंमधली गंज रोखणारी पेस्ट) लावायचंच, पुढच्या वेळी जो कोणी उघडेल तो दुवा देईल.

नांगरावरच मेनसेल चढवून दोन्ही रीफ घेऊन सोडून बघितले. लीचवरून (शिडाच्या मागच्या कडेवरून) खाली आलेल्या लाइनची गाठ बूमवर क्लूच्या डोळ्याच्या किंचित मागे हवी, म्हणजे ती शीड खाली आणि मागे दोन्हीकडे ओढते, पुढे बांधली तर पाय सुरकुततो. उरलेल्या प्रवासात वारा पुन्हा विशीत गेला, तेव्हा दुसरा रीफ विंचचं हँडल न लावता जवळजवळ पूर्ण आला, शेवटचा ताण तेवढा विंचवर.

तुमच्या बोटीवर एकाच दोराने टॅक आणि क्लू दोन्ही खाली येत असतील तर बूमच्या आत सरकत्या गाड्या असतात, घर्षण जास्त, गुंतायला जागाही जास्त. ते निघायच्या आधी धक्क्यालाच उघडून बघा. आणि बरोबर इम्पॅक्ट ड्रायव्हर, बूमच्या दुप्पट लांबीची मेसेंजर लाइन, मेणाचा दोरा आणि सेलमेकरची सुई, दोन सुट्या कप्प्या आणि पिना, इलेक्ट्रिशियन पाइपातून वायर ओढायला वापरतात ती फिश टेप एवढं असू द्या.