वळताना गाडी ठक् वाजते, ती नेमकी कुठून?

स्टीअरिंग फिरवलं की पुढून ठक् आवाज येतो, या एका तक्रारीमागे पाच-सहा वेगळे पार्ट असू शकतात. गॅरेजात मात्र बरेचदा थेट 'एक्सल गेला' असं सांगितलं जातं. एक्सल, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा, महाग असतो आणि तो बदलूनही आवाज राहिला तर पैसे वाया जातात. म्हणून पाना उचलण्याआधी एवढं ठरवा: चाकं फिरत नसतानाही आवाज येतो का?

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन सुरू ठेवा, हँडब्रेक ओढा. सोबतच्या माणसाला स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही पुढच्या चाकाच्या शॉकअपभोवती असलेल्या स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेकवा. बोटं वेटोळ्यांमध्ये घालू नका. स्प्रिंग आधी पिळून निघते आणि मग 'टंग' करून सुटते, असं हाताला जाणवलं तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग जाम आहे. बेअरिंग फिरत नाही, म्हणून स्प्रिंगच फिरते आणि एकदम उसळते. एखादं वेटोळं तुटलं असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून स्प्रिंगचं खालचं टोकही टॉर्चने पाहून घ्या.

हे बेअरिंग घरी बदलायचं असेल तर एक गोष्ट जिवावरची आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून पूर्ण सैल झाल्याशिवाय शॉकअपचा मधला नट कधीही खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. कॉम्प्रेसर नसेल तर अख्खा शॉकअप खोलून मिस्त्रीकडे न्या. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) खोलावा लागला तर तो ब्रेकच्या पाइपवर लोंबू देऊ नका, तारेने बांधा. माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचं एकदमच बदललेलं बरं.

उभ्या गाडीत शांतता आणि चालत्या गाडीत आवाज असेल तर सकाळी सहाला नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या रिकाम्या रस्त्यावर जा. स्टीअरिंग पूर्ण फिरवून कमी वेगात गोल घ्या आणि हलका एक्सिलरेटर द्या. कट-कट-कट असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, संपला आहे. डावीकडे वळताना वाजत असेल तर बहुधा उजव्या चाकाचा, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो.

सीव्ही जॉइंट बहुतेक वेळा त्यावरचं घड्यांचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटल्यामुळे जातो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असतो. आधीच जुनं, कडक झालेलं रबर घड्यांमध्ये चिरतं, फिरत्या जॉइंटमधलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फेकलं जातं आणि पावसाळ्यात तिथून पाणी नि चिखल आत शिरतो. कट-कट ऐकू येईपर्यंत दिवाळी आलेली असते. म्हणून मृगाच्या आधी स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून बुटाच्या घड्या पाहाच. बूट फाटला आहे पण आवाज नाही, आणि ग्रीस चिमटीत चोळल्यावर कचकचत नाही, तर जॉइंट वाचू शकतो. तो धुऊन, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं सीव्ही ग्रीस भरून (लहान गाडीला साधारण 80 ते 120 ग्रॅम) नवीन बूट आणि क्लॅम्प लावा. आवाज सुरू झाला असेल तर नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही. आतल्या गोळ्यांच्या खाचा झिजलेल्या असतात. एक्सलचा नट दर वेळी नवाच वापरा आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (दिलेल्या जोरानेच) आवळा.

आपल्याकडे तिसरा प्रकार फार दिसतो. सिमेंटचे रस्ते उंच आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) खाली, त्यामुळे गल्लीत किंवा गेटमध्ये वळताना एक चाक आधी उतरतं. तेवढ्यातच ठक् वाजत असेल तर लिंक रॉड पाहा, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (गाडी कलणं रोखणाऱ्या आडव्या सळईला) जोडणारा, टोकांना बॉल असलेला छोटा दांडा. चाकं जमिनीवर असताना तो हाताने जोरात हलवा. खुळखुळला तर बदला. बदलताना पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, म्हणजे स्टॅबिलायझर बारवर ताण राहत नाही. नटाबरोबर बॉलचा दांडा फिरू लागला तर त्याच्या टोकाला ॲलन की लावून धरा.

चाक उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. फक्त 9 आणि 3 ला हललं तर टायरॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक). बॉल जॉइंट ढिला असेल तर गाडी चालवतच नेऊ नका, तो निसटला की चाक आडवं होतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँड रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी घाला.

ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेतानाही ठक् येत असेल तर लोअर आर्मचे (चाक खालून धरून ठेवणाऱ्या आर्मचे) रबरी बुश. नवीन आर्मचे बोल्ट आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच शेवटचे आवळा. चाक लटकत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकरच फाटतो. आर्म, टायरॉड एंड किंवा शॉकअप खोलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या; फक्त लिंक रॉड बदलला असेल तर गरज नाही. 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा.